रोजकीर्द ते ग्रंथ : हातातली विद्या कागदावर कशी उतरवावी?

बाजार समितीच्या आवारात हळदीचे पोते उघडले जाते. पेढीचे ज्येष्ठ मालक मूठभर हळकुंडे उचलतात, एक मोडून पाहतात, तुटल्याचा आवाज ऐकतात, आतला रंग न्याहाळतात, नाकाशी नेतात आणि भाव सांगतात. सारे अर्ध्या मिनिटात आटोपते. शेजारी उभा असलेला नातू वाणिज्य शाखेचा पदवीधर असतो. त्याला जीएसटीचे विवरणपत्र भरता येते, संगणकावर ताळेबंद काढता येतो. परंतु आजोबांनी त्या अर्ध्या मिनिटात नेमके काय पाहिले, हे त्याला उमगत नाही. विचारले तर उत्तर मिळते, "चार हंगाम माझ्याजवळ बस, आपोआप कळेल."

पूर्वी मुले चार हंगाम बसत असत. आता ती पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात असतात. पेढीवर परतलेल्या मुलालाही चार हंगाम थांबण्याइतकी सवड नसते आणि आजोबांचे वय थांबत नाही. पेढीची जागा, माल आणि येणे-देणे मृत्युपत्रात लिहून ठेवता येते. माल पारखण्याची, माणूस ओळखण्याची आणि उधारी सांभाळण्याची रीत मात्र बहुतेक घरांत कोठेच लिहिलेली नसते. मोडीत किंवा महाजनी लिपीत लिहिलेल्या जुन्या वह्या माळ्यावर सापडतात, पण त्यांत व्यवहार असतात. व्यवहारामागचा विचार नसतो. तो विचार लिहून ठेवायचा, तर 'अमुक काम कसे करावे' हे सांगणारे पुस्तक लिहावे लागते. असे पुस्तक लिहिणे हे काही प्राध्यापकांचेच काम नव्हे. व्यापाऱ्यांनी ते पूर्वीही केले आहे.

दिल्लीच्या खजिन्यातील श्रीमाळ

चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या राजवटीत ठक्कुर फेरू नावाचे एक जैन गृहस्थ राजसेवेत होते. श्रीमाळ कुळातील हे गृहस्थ रत्ने, नाणी आणि धातू यांचे जाणकार होते. विक्रम संवत 1372, म्हणजे इसवी सन 1315 मध्ये त्यांनी 'रत्नपरीक्षा' हा ग्रंथ रचला. सुलतानाच्या खजिन्यातील रत्ने आपण प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिली आहेत, असे ते त्यात नमूद करतात आणि ग्रंथ कोणासाठी लिहिला तेही सांगतात. तो त्यांनी आपला पुत्र हेमपाल याच्यासाठी लिहिला होता.

पुढे 1318 मध्ये कुतुबुद्दीन मुबारक शहाच्या काळात त्यांनी 'द्रव्यपरीक्षा' लिहिली. सोने-चांदी शुद्ध कशी करावी, कोणत्या नाण्यात किती चांदी वा सोने असते आणि त्याप्रमाणे त्याचे मोल किती धरावे, हे त्यात सांगितले आहे. दिल्लीच्या टांकसाळीतील अनुभव हा या ग्रंथाचा पाया होता आणि वाचक म्हणून पुन्हा पुत्र व बंधू हेच डोळ्यांपुढे होते. याखेरीज त्यांनी गणितावर 'गणितसारकौमुदी' आणि बांधकामावर 'वास्तुसार' लिहिले. गणिताच्या पुस्तकात केवळ सूत्रे नाहीत. धान्याचे उत्पन्न, उसाच्या रसापासून मिळणारे पदार्थ असे रोजच्या जीवनातले हिशेबही आहेत.

विशेष म्हणजे ही पुस्तके त्यांनी संस्कृतात लिहिली नाहीत. लोकव्यवहाराला जवळ असलेल्या प्राकृत-अपभ्रंश वळणाच्या भाषेत लिहिली. 'आम्हांला कोठे लिहिता येते?' म्हणून जे मागे सरतात, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्यांना काम येते त्यांनी, ज्या भाषेत काम चालते त्याच भाषेत लिहावे, हा धडा सातशे वर्षांपूर्वीच घालून दिलेला आहे.

आज अनेक घरांत गुजराती, मारवाडी किंवा कच्छी बोलली जाते आणि बाजारात मराठी. मग पुस्तक कोणत्या भाषेत लिहावे, असा प्रश्न पडतो. नव्या नोकराला काम समजावताना ज्या भाषेत तोंड उघडते, तीच त्या पुस्तकाची भाषा समजावी. बाजारातले शब्द बदलून त्यांच्या जागी शब्दकोशातले शब्द बसवू नयेत.

वाचक एकच धरावा

पहिली बैठक मारण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो : हे पुस्तक कोणासाठी? 'सर्वांसाठी' हे उत्तर दिले की लेखन अडते. सर्वांना उद्देशून लिहिणारा लेखक जाणत्यांना कंटाळा आणणारे आणि नवख्यांना न समजणारे असे काहीतरी मधलेच लिहितो. फेरूंपुढे हेमपाल होता. आजच्या लेखकानेही असा एक हेमपाल निवडावा. तो नुकताच पेढीवर बसू लागलेला पुतण्या असेल, घरगुती मसाल्याचा उद्योग हाती घेणारी सूनबाई असेल किंवा लहान गावात पहिले दुकान टाकणारा भाचा असेल. त्याला काय येते आणि काय येत नाही, हे एका कागदावर लिहावे. जे येते ते पुस्तकातून गाळावे. जे येत नाही तेवढाच पुस्तकाचा विषय.

यानंतर विषय लहान करावा. 'किराणा व्यवसाय कसा करावा' हा एका पुस्तकाचा विषय नव्हे. त्यात जागा, माल, कर, नोकर, उधारी, स्पर्धा असे दहा विषय आहेत. 'किराण्याच्या घाऊक दुकानात उधारी कशी द्यावी आणि कशी वसूल करावी' हा विषय शंभर पानांत नीट मावतो आणि तो वाचून वाचकाला दुसऱ्या दिवशी काही करता येते. पुस्तक संपल्यावर वाचक कोणते काम स्वतः करू शकेल, हे एका वाक्यात लिहिता आले की विषय ठरला असे समजावे. ते वाक्य लांबू लागले तर विषय अजून मोठा आहे.

तीन वह्यांची पद्धत

द्विनोंदी जमाखर्चाचे छापील विवेचन प्रथम इटलीत झाले. लुका पाचिओली हे फ्रान्सिस्कन पंथाचे साधू आणि गणिती. तरुणपणी ते व्हेनिसमधील एका व्यापाऱ्याच्या मुलांना शिकवीत असत. 1494 मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या मोठ्या गणितग्रंथात त्यांनी तेथील व्यापाऱ्यांची जमाखर्चाची रीत लिहून काढली. ती रीत त्यांनी शोधलेली नव्हती. व्यापारी ती आधीपासून वापरत होते. पाचिओलींनी ती क्रमाने मांडली, आणि तीही लॅटिनऐवजी लोकांच्या इटालियन भाषेत. त्या मांडणीचा क्रम असा : प्रथम मालमत्तेची संपूर्ण यादी, मग घडेल तसा व्यवहार टिपण्याची कच्ची वही, मग रोजकीर्द आणि शेवटी खतावणी.

व्यापारी घरांतील लेखकाला पुस्तक लिहिण्यासाठी याहून सोयीची पद्धत शोधण्याचे कारण नाही.

आरंभ यादीने करावा. आपल्या विषयातले जे जे माहीत आहे ते एकेका ओळीत, क्रम न लावता उतरवावे. उधारीचाच विषय असेल तर 'नवे गिऱ्हाईक', 'सणापूर्वीची मागणी', 'चेक परत येणे', 'नात्यातली उधारी', 'दुकान बंद करून गेलेला देणेकरी' अशा ओळी येतील. आठवडाभर रोज दहा ओळी लिहिल्या तरी सत्तर होतात.

कच्ची वही गल्ल्याजवळ ठेवावी. दिवसभरात नोकराला किंवा मुलाला जे काही समजावून सांगितले, ते त्याच शब्दांत तेथे टिपावे. बोलण्यात सहज आलेले वाक्य पुष्कळदा टेबलाशी बसून रचलेल्या वाक्यापेक्षा स्पष्ट असते.

रोजकीर्द म्हणजे रोजचे लेखन. दुकान उघडण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास पुरे. कच्च्या वहीतील एक टिपण घ्यावे आणि ते पूर्ण वाक्यांत, पायरीपायरीने लिहावे. येथे प्रकरणांचा क्रम पाहू नये. ज्या दिवशी जो प्रसंग ताजा असेल तो लिहावा. प्रस्तावना तर अगदी शेवटी लिहावी. पुष्कळ पुस्तके प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदातच संपलेली असतात.

खतावणी म्हणजे विषयवार मांडणी. दोन-तीन महिन्यांची रोजकीर्द जमली की प्रत्येक पान त्याच्या खात्यात घालावे. मालाची खाती, माणसांची खाती, कागदपत्रांची खाती, अडचणींची खाती. कोणते खाते फुगले आणि कोणते रिकामे आहे, हे येथे दिसते. हीच पुस्तकाची अनुक्रमणिका.

'अंदाजाने' या शब्दाची फोड

कसबी माणसाचा आवडता शब्द 'अंदाजाने' हा आहे आणि शिकणाऱ्याची सर्वांत मोठी अडचणही तीच. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' 1970 साली प्रसिद्ध झाले आणि पिढ्यान्पिढ्या नववधूंच्या हाती पडत राहिले. त्याचे एक मोठे कारण असे की, त्यातली मापे स्वयंपाकघरातल्या वाटी-चमच्याची आहेत. त्याच्या साठ वर्षे आधी, 1910 मध्ये, लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' लिहून ठेवले होते. घरात तोंडी चालत आलेली विद्या नेमक्या मापात बसविता येते, हे अशा स्त्रियांनी सिद्ध केले.

पेढीवरच्या अंदाजाचीही अशीच फोड होते. 'गिऱ्हाईक पाहून उधारी द्यावी' हे वाक्य घ्यावे. ते खरे आहे, पण नवख्याला निरुपयोगी आहे. 'पाहून' म्हणजे काय पाहून? जुन्या व्यापाऱ्याला नेटाने विचारत गेले की उत्तरे येऊ लागतात : पहिले तीन व्यवहार रोखीचे. त्याच्या दुकानात जाऊन फळीवरच्या मालावर धूळ आहे का ते पाहावे. पैसे देण्याच्या तारखेला अडचण आली तर तो आपणहून फोन करतो की आपला फोन टाळतो, ते पाहावे. पहिले बिल पूर्ण चुकते झाल्याखेरीज दुसरे वाढू देऊ नये. एका वाक्याच्या चार पायऱ्या झाल्या आणि प्रत्येक पायरी नातवाला करून पाहता येते.

त्यापुढे आकडा हवा. समजा, एका दुकानाची महिन्याची उधारीची विक्री 2 लाख रुपये आहे आणि आजचे एकूण येणे 3 लाख रुपये. म्हणजे सरासरी 45 दिवसांची विक्री बाजारात अडकली आहे. वरचा व्यापारी या दुकानाला 30 दिवसांचीच मुदत देतो. उरलेल्या 15 दिवसांच्या सुमारे 1 लाख रुपयांची सोय दुकानदाराला करावी लागते. ती बँकेच्या कॅश क्रेडिटमधून 12 टक्के दराने केली, तर महिन्याला 1,000 रुपये आणि वर्षाला 12,000 रुपये व्याज जाते. एवढे वाचल्यावर 'उधारी महाग पडते' असा उपदेश वेगळा करावा लागत नाही. प्रकरणाच्या शेवटी एक काम द्यावे : आपल्या पाच खात्यांचे असे दिवस काढून पाहा.

नियम आणि लगेच उदाहरण ही पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. त्यात एकेका नियमामागून सोडविण्यासाठी उदाहरणे येतात आणि त्यांत व्याजाची व सोन्याच्या कसाचीही गणिते आहेत. शिकविणाऱ्या पुस्तकाचा कणा उदाहरण हाच असतो.

आजोबा बोलतील, नातू लिहील

ज्येष्ठांना लेखणी धरण्याचा कंटाळा असेल, दृष्टी मंदावली असेल, तर लेखन दोघांचे होऊ शकते. मात्र आजोबांना खुर्चीत बसवून 'काहीतरी सांगा' म्हटले की आठवणी निघतात, रीत निघत नाही. त्यांना काम करू द्यावे आणि मोबाइलवर बोलणे ध्वनिमुद्रित करावे. हळकुंड मोडताना विचारावे : आता काय ऐकले? वाईट माल असता तर आवाज कसा आला असता? नीट वाळलेले हळकुंड खणखणीत तुटते, ओलसर राहिलेले वाकते, हे त्या क्षणी सहज सांगितले जाईल. 'हे कशावरून कळते?', 'कोठे थांबायचे?' आणि 'चुकले तर काय करायचे?' हे तीन प्रश्न प्रत्येक पायरीवर विचारले की बहुतेक लपलेली माहिती बाहेर येते.

ध्वनिमुद्रण त्याच आठवड्यात कागदावर उतरवावे. ते मोबाइलमध्ये साठत गेले तर त्याचीही माळ्यावरची वही होते.

काय सांगावे, काय झाकावे

'धंद्याचे गुपित छापून टाकायचे काय?' हा प्रश्न घरातून येतोच, आणि तो अगदी अनाठायी नाही. येथे रीत आणि माहिती यांत भेद करावा. माल कसा पारखावा, हिशेब कसा तपासावा, वसुलीची भाषा कशी असावी, ही रीत होय. ती सांगितल्याने पेढीचे काही जात नाही, कारण ती वाचून दुसऱ्याला लगेच तीस वर्षांची नजर येत नाही. कोणाकडून कोणत्या भावाने खरेदी होते, कोणाकडे किती येणे आहे, कोणाचा चेक परत आला, ही माहिती होय. ती दुसऱ्याने विश्वासाने आपल्यापाशी ठेवलेली असते. नाव बदलून, गाव बदलूनही ओळख पटत असेल तर तो प्रसंग वगळावा. पुस्तकातला एक रंजक किस्सा एखाद्या घराच्या अब्रूपेक्षा मोठा नाही.

झाकू नयेत त्या स्वतःच्या चुका. ओला माल भरल्यामुळे झालेले नुकसान, नात्यापोटी वाढू दिलेली उधारी, वाचून न पाहता केलेली जामिनाची सही, ही प्रकरणे लिहिताना हात अडखळतो. पण वाचकाचा खरा फायदा तेथेच असतो. यशाची कथा ऐकून वाचक टाळ्या देतो, नुकसानीची कथा वाचून तो आपली वही उघडून पाहतो.

जे शिळे होते ते वेगळे ठेवावे

1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली आणि आणे-पैची कोष्टके मागे पडली. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि व्हॅटवर लिहिलेली प्रकरणे एका रात्रीत जुनी झाली. म्हणून कराचे दर, व्याजदर, सरकारी नमुने आणि कायद्याची कलमे मुख्य मजकुरात विखरू नयेत. ती शेवटच्या परिशिष्टात, 'अमुक तारखेची स्थिती' असे लिहून एकत्र द्यावीत. पुढच्या आवृत्तीत तेवढीच पाने बदलता येतात.

तरीही शिळे झालेले सारेच वाया जाते असे नव्हे. फेरूंनी नोंदविलेली नाणी केव्हाच चलनातून गेली. पण सुलतानी काळातील नाण्यांचा अभ्यास करणाऱ्यांना आज ती 'द्रव्यपरीक्षा' मोलाची वाटते. आजच्या पेढीवरचा भाव आणि हमालीचा दर तारखेसह लिहून ठेवला तर पन्नास वर्षांनी तोही कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

ऑडिट बाहेरच्याकडून

कच्चा मजकूर तयार झाला की तो प्रथम जाणकार मित्राला दाखविण्याचा मोह होतो. त्याला आधीच सारे माहीत असते; राहिलेल्या पायऱ्या तो मनातल्या मनात भरून घेतो आणि 'उत्तम झाले आहे' म्हणतो. मजकूर नवख्याच्या हाती द्यावा, वाचून काम करायला सांगावे आणि लेखकाने शेजारी गप्प बसून पाहावे. तो जेथे थांबतो, मागचे पान उलटतो किंवा प्रश्न विचारतो, तेथे खूण करावी. तोंडी उत्तर देऊन भागवू नये. ते उत्तर मजकुरात घालावे. अशा दोन-तीन वाचनांनंतर पुस्तक खऱ्या अर्थाने तयार होते.

छपाईची चिंता आरंभी करू नये. भारतात मूळ लेखनाचा हक्क लेखन होताच लेखकाचा होतो आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे वारसांकडे राहतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक शासकीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. आणि छापायचेच नसेल, तर स्वच्छ टंकलिखित पाच प्रती घरात आणि नात्यात ठेवणे हेही प्रकाशनच होय.

मुहूर्त

फेरूंचे ग्रंथ कसे टिकले, ही कथा येथे आठवण्याजोगी आहे. त्यांची 1347 च्या सुमारास केलेली एक नक्कल कलकत्त्यातील एका जैन ग्रंथसंग्रहात पडून होती. विसाव्या शतकाच्या मध्याला बीकानेरच्या व्यापारी घराण्यातील अगरचंद नाहटा आणि त्यांचे पुतणे भंवरलाल नाहटा यांच्या हाती ती लागली. मुनी जिनविजयजींच्या संपादनाखाली ते सात ग्रंथ 1961 मध्ये जोधपूरहून छापून निघाले. एका बापाने मुलासाठी लिहिलेले पुस्तक सहाशे वर्षांहून अधिक काळाने पुन्हा व्यापाऱ्यांच्याच डोळ्यांनी ओळखले.

कार्तिक शुद्ध पंचमीला पेढ्यांवर लाभपंचमीचे पूजन होते आणि श्वेतांबर घरांत तोच दिवस ज्ञानपंचमी म्हणून पाळला जातो. पोथ्या पुसून, मांडून पूजल्या जातात. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही श्रुतपंचमी. कंठस्थ ज्ञान लोपेल या चिंतेने धरसेनाचार्यांनी ते पुष्पदंत आणि भूतबली यांना दिले आणि त्यांनी ते ग्रंथबद्ध केले, त्याची ती आठवण. त्या दिवशी पूजेच्या चौरंगावर एक कोरी वहीही ठेवावी. मात्र पहिल्या यादीच्या दहा ओळींसाठी पंचमीची वाट पाहण्याचे कारण नाही. त्या आज रात्री, गल्ला मोजून झाल्यावर लिहिता येतात. आजोबा जवळ असतील तर पहिला प्रश्न त्यांनाच विचारावा.